अर्ध्या तासाचे सर

दातांच्या दवाखान्यात हसणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. मी कांदिवलीला अशाच एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. गाल धरून बसलेल्या माणसांना "बस, पाचच मिनिटं हां" असं तोंडभर हसून खोटं सांगायचं, हे माझं काम. माझ्या मते मी ते इतकं मनापासून करायचे की एवढ्या गुणी अभिनेत्रीकडे जगाचं लक्ष कसं जात नाही, याचं मला सारखं वाईट वाटायचं.

तर एका संध्याकाळी सर दाढ दुखते म्हणून आले. सर वगैरे नंतर. तेव्हा ते एक किडकिडीत, साठी उलटलेले, खांद्याला कापडी पिशवी लावलेले गृहस्थ होते, आणि माझ्या मनात त्यांचं नाव 'रूट कॅनाल, नवीन पेशंट' असं होतं. डॉक्टरांना उशीर झाला होता. बाकावरची माणसं माझ्याकडे रागाने बघत होती. मी आत्ताच आत जाऊन चौकशी करून येते म्हणाले आणि आत जाऊन पाणी पिऊन आले. बाहेर येऊन बघते तर सगळ्या पेशंटांचं एकेक बोट स्वतःच्या गुडघ्यावर, आणि हे गृहस्थ मधोमध उभे.

"चिमणी उड!" सगळी बोटं वर.

"कावळा उड!" पुन्हा वर.

"म्हैस उड!" एका सुजलेल्या गालाच्या आजींचं बोट वर गेलं. त्यांनी जीभ चावली. ह्या गृहस्थांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "झकास! आजी चुकल्या! वाजवा टाळ्या!" सगळ्यांनी वाजवल्या. आजी लाजून हसल्या, मग "आई गं" म्हणून गाल धरला, आणि परत हसल्या.

मी काउंटरवर जाऊन सांगितलं, "अहो काका, हा दवाखाना आहे. इथे असं चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टर उड!" म्हणाले. सगळी बोटं वर गेली. आणि सांगायला लाज वाटते, पण माझंही गेलं.

"बघ गो बाय," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझो चेहरो दगडासारखो आसा, पण बोट जिवंत आसा. शनिवारी चारकोपाक ये. नाटकाचो वर्ग आसा."

नाटक हा शब्द ऐकला आणि मी त्यांचा नंबर सगळ्यांच्या आधी लावला. बाकीचे पेशंट काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या वर मोठी खोली होती. खाली प्लास्टिकचे डबे बनायचे, त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या कपड्यांना कायम नव्या डब्याचा वास यायचा. तिथे आमचा ग्रुप जमायचा. कोणी बँकेत, कोणी कुरिअरमध्ये, कोणी नुसतंच घरी. आमचा दिग्दर्शक चांगला शिकलेला, तरुण, दाढीवाला. त्याला सगळे दादा म्हणायचे. मीही दादा म्हणायचे, आणि तो मला काकू म्हणायचा. हा अन्याय मी कलेसाठी सहन केला.

दादाची पद्धत अशी की तालमीच्या आधी अर्धा तास अंग मोकळं करायचं. त्यासाठी सर. सर यायचे, चपला दाराबाहेर काढायचे, जाताना पटकन घालता याव्यात म्हणून त्यांची तोंडं जिन्याकडे करून ठेवायचे. पिशवीतून टेनिसचा बॉल आणि एक जुनी ओढणी काढायचे. मग सुरू. लंगडी, विषामृत, खांब-खांबोळी, आंधळी कोशिंबीर. इतर ठिकाणच्या वर्गांत म्हणे परदेशी खेळ घेतात, त्यांना मोठमोठी नावं असतात. सरांना विचारलं तर म्हणायचे, "आमच्या कणकवलीच्या शाळेत जे खेळ होते ते मी खेळवतंय. त्यात कोणी मेलो नाय."

त्यांचा नियम एकच होता. जो चुकेल त्याने दोन्ही हात वर करून मोठ्याने "चुकलो!" म्हणायचं, आणि बाकीच्या सगळ्यांनी ताबडतोब टाळ्या वाजवून "झकास!" ओरडायचं. ताबडतोब म्हणजे ताबडतोब. विचार करून टाळी वाजवली तर सर ती टाळी परत करायचे. "ही शिळी झाली. ताजी वाजव." चुकल्यावर माणूस आक्रसतो, खांदे कानाला लावतो, आणि असा आक्रसलेला माणूस पुढे काय नाटक करणार, हे त्यांचं म्हणणं. चुकण्याची लाज अंगातून काढून टाकायची तर ती रोज थोडी थोडी काढावी लागते, एकदम निघत नाही.

मला हा नियम बिलकूल पटला नव्हता. कारण मी चुकतच नाही. आमच्या घरात विचारा. लंगडीत माझा दुसरा पाय टेकला की मी म्हणायचे, "टेकला नाही, फरशी वर आली." विषामृतात मला विष दिलं की मी वाद घालायचे की हात लागला नाही, नुसता ड्रेस लागला. पंचेचाळीस वर्षांची बाई लंगडीत चिटिंग करते हे माझ्या मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, प्लीज हे माझ्या मैत्रिणींसमोर बोलू नको." सर मात्र कधी चिडले नाहीत. मी भांडत असताना ते शांतपणे ओढणीची घडी घालत राहायचे आणि माझं झालं की म्हणायचे, "बरा. आता चुकले म्हण." महिनाभराने मी एकदा म्हटलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम चुकले. सरांनी ओळखलं. "खोटी चूक चलत नाय," म्हणाले आणि टाळ्या थांबवल्या.

त्या अर्ध्या तासात मी काय होते म्हणून सांगू! डोळ्यांना ओढणी बांधून मी सगळ्या खोलीत वाघिणीसारखी फिरायचे. आवाज खणखणीत, अंग हलकं, पोट विसरलेली. मग जिन्यावर दादाच्या बुटांचा आवाज यायचा. सर लगेच बॉल पिशवीत टाकायचे, "चला, गरम केलंय, आता जेवूक वाढणारो इलो" म्हणायचे, आणि दादा आत येईपर्यंत ते बाहेर. आणि त्याच क्षणी माझी खुंटी व्हायची. हात कुठे ठेवायचे कळायचं नाही. "काकू, जरा नैसर्गिक," दादा म्हणायचा. मी नैसर्गिक उभी राहायचे. "काकू, तुम्ही रांगेत उभ्या आहात का?" असं तो विचारायचा.

शेवटी त्याने मला शेजारणीची भूमिका दिली. नाटक भयंकर गंभीर होतं, दादाने स्वतः लिहिलेलं. एका बापाने मुलाशी बोलणं टाकलंय, आणि मुलाला माफी मागायची हिंमत होईपर्यंत बाप मरतो. मुलाचं काम सुबोध करायचा, कुरिअरमधला, गुणी पोरगा. बापाचं काम शिंदेकाका. त्यांना फक्त शेवटच्या प्रवेशात मरून पडायचं होतं, त्याचा त्यांना फार आनंद होता. मी बादली घेऊन दारात येते आणि विचारते, "पाणी आलं का हो तुमच्याकडे?" मग परिस्थिती बघून बादली खाली ठेवते. एवढंच. घरी मी सांगितलं की संपूर्ण नाटक त्या बादलीवर तोललेलं आहे.

सर एवढ्या लगबगीने जातात म्हणजे त्यांचे पुढे अजून क्लास असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मीच सगळ्यांना सांगायचे, अहो, त्यांना बोरिवलीला जायचं असतं, मुलुंडला जायचं असतं, फार मागणी आहे त्यांना. ही माहिती मी कुठून आणली होती देव जाणे.

खरं कळलं ते मनोरीला. ग्रुपची सहल होती. मार्वेहून बोटीने पलीकडे गेलो. सगळे पाण्यात गेले, मी आणि सर काठावर सामान राखत बसलो, कारण मला पाण्याची भीती वाटते आणि मी ती 'कोणीतरी सामान बघायला हवं ना' अशी सांगते.

मी म्हटलं, "सर, आज तुमचे क्लास बुडाले असतील."

"खंयचे क्लास?"

"तालमीनंतर जाता ना तुम्ही?"

"घराक जातंय," सर म्हणाले. "टीव्ही बघतंय."

मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात, तक्रारीचा सूर नव्हता. टेलिफोन खात्यात नोकरी करता करता त्यांना ह्या खेळांचा नाद लागला. एका ग्रुपने बोलावलं, मग दुसऱ्याने. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, सगळीकडे तेच. पहिला अर्धा तास सर, मग खरी तालीम. खरी तालीम सुरू झाली की दरवाजा लागायचा. बाहेरचं माणूस नको, एकाग्रता जाते. "इतक्या नाटकांचा अंग मी मोकळा केलंय," ते म्हणाले, "पण पडदो पडल्यावर आत काय होता, माझ्या डोळ्यांनी एकदाय बघूक नाय. प्रयोग संपल्यावर म्हणे आत सगळे बसतत, एकमेकांच्यो चुको काढतत, भांडतत, रडतत. ता माका एकदा बघूचा होता. बघूचा म्हणजे, त्यात असूचा होता."

"अहो मग सांगायचं ना! थांबतो म्हणून!"

"मागून घेवन थांबलंय तर लिंबूटिंबू होतलंय," ते म्हणाले. "लहान पोर रडता म्हणून खेळात घेतत ना, त्याचो आऊट मोजत नाय कोण. तसा नको माका."

मला भडभडून आलं, आणि त्याचबरोबर रागही आला. राग आला की मला जरा बरं वाटतं, कारण मग काहीतरी करता येतं.

पुढच्या शनिवारी मी दादाला जिन्यावरच गाठलं. म्हटलं, सरांना तालमीला थांबू दे, प्रयोगाच्या दिवशी शेवटपर्यंत आत राहू दे. दादाने ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "काकू, प्रत्येकाची एक जागा असते ना. सर वॉर्म-अपला बेस्ट आहेत. पुढचं वेगळं काम आहे." वाईट हेतूने नाही म्हणाला, पण म्हणाला. मी चिडून म्हटलं, "काकू कोणाला म्हणतोस रे?" आणि आमचं भांडण भलत्याच रुळावर गेलं. मुख्य मुद्दा राहिला बाजूला, आणि शेवटी दादा मला ताई म्हणायला तयार झाला. एवढंच माझं यश. तेही आठवडाभरच टिकलं.

सरांना हे कुठूनतरी कळलं. पुढच्या वेळी त्यांनी मला खेळात घेतलंच नाही. अर्धा तास भिंतीपाशी उभं केलं. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी कोणाकडे शब्द टाकूचो नाय. समजला?" एवढ्या मऊ माणसाचा आवाज इतका कडक होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. मी घरी येऊन जेवले नाही. नवऱ्याला वाटलं, बादली काढून घेतली.

मध्येच एक सांगते, नाहीतर राहून जाईल. आता सर गावी असतात, मुलाकडे. फोन केला की हॅलो म्हणत नाहीत. उचलल्या उचलल्या "घार उड!" आणि मी दवाखान्यात, भरल्या बाकासमोर, बोट वर करते. पेशंटांना वाटतं मी त्यांना थांबा म्हणतेय. ते थांबतात.

तर प्रयोग. बोरिवलीला स्पर्धा होती. मेकअप रूममध्ये सरांनी आमचं अंग मोकळं केलं, तेवढ्याशा जागेत, आरशांच्या मधे, आवाज न करता. मुकी आंधळी कोशिंबीर. शिंदेकाका प्रेताच्या मेकअपमध्ये पांढरेफटक होऊन माझ्या मागे धावत होते. मग दादा आला, म्हणाला आता सगळ्यांनी शांत बसा, डोळे मिटा. मी डोळे मिटले आणि उघडले, तर सर पिशवी उचलून निघून गेलेले.

नाटक सुरुवातीला बरं चाललं होतं. म्हणजे प्रेक्षक खोकत होते, पण लयीत खोकत होते. शेवटचा प्रवेश आला. बाप खाटेवर मेलेला. सुबोध त्याच्या पायाशी. मी बादली घेऊन दारात आले, पाणी आलं का विचारलं, परिस्थिती बघितली, बादली ठेवली, खाटेच्या उशाशी जाऊन उभी राहिले. माझं काम झालं. आता सुबोधचं मोठं माफीचं स्वगत, ज्याच्यावर दादाने वर्षभर जीव टाकला होता. खरं सांगायचं तर नाटक बादलीवर नाही, ह्या स्वगतावर तोललेलं होतं.

सुबोधने तोंड उघडलं. शब्द नाहीत. त्याने पुन्हा उघडलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि समजले, वाट लागली. पोरगा कोरा झाला होता. आणि मग वर्षभराची सवय, दुसरं काय, त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

झालं! हात वर गेलेले दिसले आणि ताबडतोब, अगदी ताजी, पहिली टाळी वाजली ती माझी. प्रेताच्या उशाशी उभी राहून मी कडाकड टाळ्या वाजवल्या आणि "झकास!" म्हणून ओरडले. विंगेतून बाकीच्यांच्या टाळ्या. आणि खाटेवर, चादरीच्या खालून, शिंदेकाकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मेलेल्या बापाने. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते घाईघाईने पुन्हा मेले.

त्यानंतर जो हशा उसळला तो पडदा पडेपर्यंत थांबला नाही. लोक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले. सुबोधला मात्र त्या गोंधळात सगळं स्वगत आठवलं, आणि त्याने ते शेवटपर्यंत, मोकळ्या आवाजात, इतकं सुंदर म्हटलं की मी तालमीतही तसं कधी ऐकलं नव्हतं. ते प्रेक्षकांत कोणालाच ऐकू गेलं नाही.

मेकअप रूममध्ये दादा उभा होता. आम्ही एकेक करून आत आलो. खुर्च्या मोजक्याच होत्या, त्या आधी आलेल्यांनी घेतल्या. बाकीचे टेबलावर, ट्रंकांवर, जमिनीवर. प्रयोगानंतर चुका काढण्याची दादाची पद्धत होतीच, पण त्या दिवशी त्याच्या हातात कागद नव्हता. त्याची गरजच नव्हती.

"पहिली टाळी कोणाची?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी इतक्या प्रामाणिकपणे माझ्याकडे बघितलं की नाकारायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, "माझी."

"काकू, प्रेताच्या उशाशी उभं राहून टाळी?"

"सवय झाली रे. हात आपोआप गेले."

"सवय? कसली सवय? कोणी लावली?"

आता त्या खोलीत जे घडलं त्याचा मला अजून अभिमान वाटतो, कारण काहीच घडलं नाही. कोणी बोललं नाही. शिंदेकाका चेहऱ्यावरची पावडर पुसत राहिले. सुबोध जमिनीकडे बघत होता. मी, जी लंगडीत पाय टेकला की फरशीचं नाव सांगते, तीही गप्प बसले. दादाने पुन्हा विचारलं, जरा जोरात, "कोणी लावली ही सवय?"

"मी," दारातून आवाज आला.

सर उभे होते. घरी गेलेच नव्हते. बाहेर तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसून त्यांनी सगळं नाटक बघितलं होतं. चेहरा उतरला होता. "ही चूक माझीच," ते म्हणाले. "टाळी वाजवूक मी शिकवलंय, खंय वाजवूची नाय ता शिकवूक नाय. ह्या पोरांचो दोष नाय. माझी चूक काढा."

आणि दादाने काढली. बाप रे, काय काढली! वयाचा मान नाही, काही नाही. तुमचे खेळ दारापर्यंत ठीक आहेत, पण आत येऊन ते काय करतात हे तुम्ही कधी बघितलंय का? अर्धा तास खेळवता आणि पिशवी उचलून निघता! नाटक काय आहे, कुठे हसायचं, कुठे गप्प राहायचं, तुम्हाला काही माहीत तरी आहे का? वर्षभराची माझी मेहनत गेली, सर, वर्षभराची! बोलता बोलता दादाने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, आणि पहिल्यांदाच मला तो मुलगा वाटला, कोणाचा तरी. सर मान खाली घालून ऐकत होते.

मी उठून मधे पडणार होते, पण सुबोधने माझा हात धरून ठेवला. बरं झालं धरला. नाहीतर मी पुन्हा भांडण भलत्याच रुळावर नेलं असतं.

दादा दमला. पाणी प्यायला. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "पुढच्या नाटकाला हे चालणार नाही. सुरुवात करून पळून जायचं नाही. तालमीला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बसायचं. रोज. तुमच्या खेळांचं पुढे काय होतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि निस्तरायचंही. कळलं?"

सरांनी मान वर केली. नुसतं "होय" म्हणाले.

"आणि आता दारात काय उभे आहात?" दादा खेकसला. "अजून सगळ्यांच्या चुका राहिल्यात. आत या. बसा."

सर आत आले. एक पाऊल टाकून थांबले. पिशवी छातीशी धरून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खुर्च्या, ट्रंका, टेबल, आम्ही सगळे, आणि अगदी हळू विचारलं, "बसतंय. पण खंय बसू?"

आम्ही सगळेच उठून उभे राहिलो.